वाळवंटातल्या शेकोटीभोवती

"अरे, तू तिकडे सुट्टीला गेला आहेस की बाटायला?"

साताऱ्याहून ताईचा फोन आला तेव्हा मी सॅन दिएगोला भाच्याच्या दिवाणखान्यात गुडघे टेकून बसलो होतो आणि स्लीपिंग बॅग नावाची एक भली मोठी खोळ तिच्या इवल्याशा पिशवीत कोंबण्याची शिकवणी घेत होतो. शिकवणारा भाचा, म्हणजे ताईचाच मुलगा. सूनबाई शेजारी डब्यात चकल्या भरीत होती. मागल्या वर्षीची ही गोष्ट. कॉलेजला दिवाळीची सुट्टी लागली, भाच्याने विमानाचे तिकीट पाठवले, आणि गेली वीस-बावीस वर्षे संतवाङ्मय व व्याकरण शिकवणारा हा प्राध्यापक पॅसिफिक महासागराच्या काठी अभ्यंगस्नान करता झाला. भाऊबीज झाली आणि भाचा म्हणाला, "मामा, ह्या शुक्रवारी आम्ही वाळवंटात कॅम्पिंगला जातोय. तुम्ही चलाच." आम्ही म्हणजे कोण, तर शेजारच्या गृहस्थांच्या चर्चमधली पुरुष मंडळी!

"आई, बाटायचं काही नाही गं," भाचा फोनवर सांगत होता. "डोंगर चढायचा, मोटारसायकली फिरवायच्या, रात्री शेकोटीशी बसायचं. मी दोनदा जाऊन आलोय. अजून तुझाच मुलगा आहे."

"कपाळ माझं!" असे म्हणून ताईने फोन ठेवला. पण ठेवता ठेवता, कानटोपी घे, हे मला बजावायला ती विसरली नाही.

प्रकार असा होता. ह्या चर्चचे पुरुष सभासद वर्षातून दोनदा, थंडी सुरू होताना आणि सरताना, शुक्रवारी दुपारी निघून वाळवंटात तंबू ठोकतात आणि रविवारी दुपारी घरी परततात. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात अशा फेऱ्या काढणारी चर्चे पुष्कळ. बरोबर बायका नसतात. मी सूनबाईला विचारले, "ह्यावर बायकांचं म्हणणं काय?" ती म्हणाली, "मामा, तुम्ही दोन दिवस धुळीत आणि आम्ही दोन दिवस शांत. आमचं काहीच म्हणणं नाही."

मला मात्र कॅम्प म्हटले की भलतेच आठवते. माझे गाव माणदेशातले. तिकडे कॅम्प म्हणजे छावणी, आणि छावणी म्हणजे दुष्काळात गुरे जगवण्यासाठी उभारलेली चाऱ्याची छावणी. पाऊस गेला म्हणजे माणसे आपापली जनावरे घेऊन तिथे जातात आणि पहिला पाऊस पडेपर्यंत कापडाच्या आडोशाला दिवस काढतात. हौसेने कुणी छावणीत जाते, आणि तेही पाण्याचा टिपूस नसलेल्या मुलखात, ह्याची मला गंमत वाटत होती. थोडा रागही येत होता, हे कबूल करतो.

शुक्रवारी दुपारी निघालो. सुरुवातीला समुद्राचा वारा अंगावर होता. तास-दीड तासाने मोटार डोंगरात चढली, ओक आणि पाइनची सावली लागली, आणि ज्युलियन नावाचे टुमदार गाव आले. १८७० च्या सुमारास सोने सापडले म्हणून वसलेले हे गाव सोने संपल्यावर सफरचंदांवर जगू लागले. तिथे थांबून सफरचंदाचा पाय खायचा हा जणू कुलाचार. तो आम्ही पाळला. पुढे घाट उतरू लागलो आणि पाहता पाहता झाडे नाहीशी झाली. डोंगर उघडे पडले, हवा कोरडी झाली, ओठ तडकू लागले.

माणदेशी माणसाला ह्याचे कारण कुणी सांगायला नको. महाबळेश्वरावर ढग रिते होतात आणि शंभरेक किलोमीटरवर आम्ही आभाळाकडे बघत बसतो. इथे पॅसिफिकचे ढग असेच ह्या डोंगरावर अडतात आणि पलीकडच्या उतारावर वर्षाकाठी जेमतेम पाच-सहा इंच पाऊस पडतो. आमच्याकडे वीस इंच पडला तरी आम्ही त्याला दुष्काळी भाग म्हणतो! हे अँझा-बोरेगो नावाचे राखीव रान, सहा लाख एकरांहून मोठे. बोरेगो म्हणजे स्पॅनिश भाषेत मेंढरू. इथल्या कड्यांवर मोठ्या वळणदार शिंगांची रानमेंढरे राहतात. अँझा हा स्पॅनिश सरदार. त्याच्याविषयी पुढे सांगतो.

ब्लेअर व्हॅली नावाच्या एका सपाट खोऱ्यात आम्ही उतरलो. उतरताच मी चकित झालो, कारण समोर आमचा बांध उभा होता! घायपात आणि निवडुंग. मग आठवले की घायपात आणि फड्या निवडुंग ही दोन्ही मूळची अमेरिकेचीच. आमच्याकडे ती पाहुणी आली आणि बांधावर ठाण मांडून बसली. लहानपणापासून ज्यांच्या काट्यांनी माझे धोतराचे सोगे नव्हे, पण हाफ पॅंट फाडल्या, त्यांचे हे माहेर. मी कौतुकाने पुढे गेलो आणि चोया नावाच्या, दिसायला अगदी लोकरीसारख्या मऊ निवडुंगाने माझ्या पोटरीला मिठी मारली. त्याचे पेर नुसत्या धक्क्याने सुटते आणि कातडीत रुतून बसते. हाताने काढू जावे तर हाताला चिकटते. मी ओरडलो. एक आडदांड गृहस्थ धावत आले, खिशातून केस विंचरायची फणी काढली, पेराखाली घातली आणि एका झटक्यात ते दूर भिरकावले. पेशाने ते नळदुरुस्ती करणारे. डोक्यावर एक केस नाही, तरी वाळवंटात फणी घेतल्यावाचून येत नाहीत. ओळख अशी झाली.

आम्ही एकंदर सतरा जण होतो. नळवाले, एक सुतार, दोन शिक्षक, नौदलातून निवृत्त झालेला एक म्हातारा यंत्रकार, एक विमा एजंट, भाच्यासारखे संगणकवाले तिघे-चौघे, आणि एक तरुण मुलगा, जो पहिला दिवसभर कुणाशीच बोलला नाही. कामे न सांगता वाटली गेली. तंबू ओढ्याच्या कोरड्या पात्रात ठोकायचे नाहीत, हा पहिला नियम. दूर डोंगरावर पाऊस पडला तर इथे आभाळ निरभ्र असतानाही लोंढा येतो. माणशी रोजचे निदान एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर पाणी घरूनच आणायचे. लाकूडही घरूनच, कारण ह्या रानात वाळकी काडी उचलणेही गुन्हा आहे. जमिनीवर जाळ करायला बंदी. विस्तव लोखंडी भांड्यातच पेटवायचा आणि राखसुद्धा परत न्यायची. आमच्या शेकोटीचे भांडे म्हणजे कपडे धुण्याच्या एका मोडक्या यंत्राचे भोकाभोकांचे पिंप होते. त्याने हवा खेळते आणि जाळ झकास लागतो. म्हातारे यंत्रकार म्हणाले, "बायकोने हे यंत्र फेकून द्यायला सांगितले होते. त्याला मी धर्मकार्याला लावले."

आता मराठीच्या मास्तराला खोड असते ती सांगतो. येशू ख्रिस्ताने चाळीस दिवस उपास केला ती जागा आपल्या मराठी बायबलात 'अरण्य' म्हणून येते. अरण्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? दाट झाडी, पर्णकुटी, हरणे, रामसीता. पण अशा जागेला हिब्रू शब्द 'मिदबार'. त्याचा अर्थ मेंढपाळांनी कळप घेऊन हिंडावे असा उजाड, निर्जन मुलूख. भाषांतर करणाऱ्यांना दोष देत नाही. तपाला माणूस अरण्यातच जायचा, ही आपली रीत. अरण्य हा शब्द तपाच्या अंगाने बरोबर आणि झाडांच्या अंगाने चूक. गंमत पुढेच आहे. 'मिदबार' आणि 'दाबार' ह्या दोन हिब्रू शब्दांची मुळाक्षरे सारखी, आणि दाबार म्हणजे शब्द, बोल. व्युत्पत्ती एकच की निराळी हे पंडितांनी ठरवावे; मला त्या खोऱ्यात उभे राहून ते जुळलेले बरे वाटले. कारण जिथे काहीच नाही तिथे बोललेला शब्द फार लांबवर ऐकू जातो, हे मी तिथे कानांनी अनुभवले.

ख्रिस्ती धर्माचे आणि वाळवंटाचे नाते तसे जन्माचेच. मोशे आपल्या लोकांना घेऊन चाळीस वर्षे वाळवंटात फिरला. पुढे तिसऱ्या-चौथ्या शतकात इजिप्तमध्ये अँथनी नावाचा एक सुखवस्तू तरुण घरदार वाटून टाकून वाळवंटात गेला आणि त्याच्या मागोमाग इतके लोक गेले की ओसाड जागी मठ उभे राहिले. वादी नत्रूनच्या खोऱ्यातले त्यातले काही मठ आजही चालू आहेत. ते तपस्वी प्रार्थना करता करता ताडाच्या पातींच्या दोऱ्या आणि टोपल्या वळीत. हातांना काम असले म्हणजे मन जाग्यावर राहते, हे त्यांना कळले होते.

ह्या अँझा-बोरेगोतही ख्रिस्ती मंडळींची पहिली मोठी छावणी पडली ती १७७५ च्या डिसेंबरात. सरदार अँझा दोन-अडीचशे माणसे, बायकापोरे आणि गुरे घेऊन मेक्सिकोकडून सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराकडे वसाहत करायला चालला होता. नाताळच्या आदल्या रात्री, कडाक्याच्या थंडीत, इथल्या एका दरीत तांड्यातली एक बाई बाळंत झाली. बरोबर पेद्रो फाँट नावाचे फ्रान्सिस्कन पाद्री होते, त्यांनी रोजनिशी लिहून ठेवली. सणानिमित्त सरदाराने लोकांना मद्य वाटले म्हणून हे पाद्रीबुवा रागावले, हेही तीत आहे. मला ते वाचून बरे वाटले. वाळवंटातली यात्रा म्हणून नुसते भजन चालले होते असे नाही. एकीकडे बाळंतीण, एकीकडे पिणारे, एकीकडे रागावणारे. आपल्या जत्रेत दुसरे काय असते?

शनिवारी सकाळी दोन तुकड्या झाल्या. तरुण मंडळी मोटारसायकली आणि जाड चाकांच्या उघड्या गाड्या घेऊन ऑकोटिल्लो वेल्सकडे गेली. ह्या राखीव रानाच्या पूर्वेला अशा वाहनांसाठीच मोकळा ठेवलेला तो मुलूख आहे. हा भाग मला रुचला नाही, स्पष्टच सांगतो. वाळवंटाची कातडी फार नाजूक. १९४२ पासून दोन वर्षे जनरल पॅटनच्या रणगाड्यांनी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात आफ्रिकेतल्या युद्धाची तालीम केली; त्या रणगाड्यांच्या चाकोऱ्या आज ऐंशी वर्षांनंतरही काही ठिकाणी दिसतात. भाचा म्हणाला, "मामा, म्हणून तर ठरवून दिलेल्या जागीच चालवतो." असेल. पण म्हाताऱ्या यंत्रकारांनी त्याच तळांची दुसरी एक खूण सांगितली. आयर्न माउंटनजवळच्या छावणीत सैनिकांनी दगड रचून प्रार्थनेसाठी वेदी बांधली होती. तंबू गेले, रणगाडे गेले, ती वेदी अजून आहे. तिच्यापुढे उभी राहिलेली किती मुले परत आली असतील, कुणास ठाऊक.

मी दुसऱ्या तुकडीबरोबर पायी गेलो. खोऱ्याच्या कडेला मोठमोठ्या धोंड्यांचा पुंजका आहे. जवळ जाऊन पाहतो तो धोंड्यांच्या माथ्यावर गोल, खोल, गुळगुळीत खळगे. उखळे! इथे पूर्वी राहणाऱ्या कुमेयाय लोकांच्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या बिया कुटून कुटून दगड झिजवलेले. मी एका उखळात हात घातला. कोपरापर्यंत नाही, पण मनगटाच्या वर गेला. माझ्या आजीच्या उखळाला ओसरीवर एवढी खोली यायला किती मकरसंक्रांती जाव्या लागल्या असतील? बायकांना घरी ठेवून आलेल्या आम्हा सात-आठ पुरुषांपुढे त्या वाळवंटातली सगळ्यांत टिकाऊ वस्तू होती ती बायकांच्या हातची. कुणी काही बोलले नाही. नळवाल्यांनी टोपी तेवढी काढली, पण कदाचित घाम पुसायला असेल.

त्याच खोऱ्यावरच्या घोस्ट माउंटन नावाच्या टेकाडावर मार्शल साऊथ नावाचा लेखक १९३० च्या सुमारास बायकोसह जाऊन राहिला होता. तीन मुले झाली, तीही तिथेच वाढवली. पावसाचे पाणी साठवायचे, शहराचे तोंड बघायचे नाही, आणि मासिकातून त्या सुखी जीवनाविषयी लेख लिहायचे. सोळाएक वर्षांनी बायको मुलांना घेऊन निघून गेली आणि तिने काडीमोड घेतला. माणसे वाळवंटात दोन दिवसांसाठी गेलेली बरी, असे मी म्हणालो. शिक्षक असलेल्या एका गृहस्थांना ते पटले.

उतरताना म्हाताऱ्या यंत्रकारांशी बोलणे झाले. मी विचारले, "पुरुषांनीच का यायचे?" ते म्हणाले, "सगळे एकत्र आले की पुरुष आपल्या बायकांना बोलू देतात आणि स्वतः खुर्च्या मांडतात." मला हसू आले, आमच्या लग्नकार्यातही असेच चालते. पण माझा प्रश्न तेवढ्याने संपला नव्हता. ह्या 'ख्रिस्ती पुरुष' प्रकरणाला मोठा इतिहास आहे. लंडनला १८४४ मध्ये तरुण ख्रिस्ती पुरुषांची संघटना निघाली, तीच वाय.एम.सी.ए. एकोणिसाव्या शतकातच चार्ल्स किंग्ज्ली आणि टॉमस ह्यूज ह्या इंग्रज लेखकांच्या वळणाने, धर्म म्हणजे मुळूमुळू रडणे नव्हे, दंडात बळ पाहिजे, असा विचार बळावला. आपली मुले खेळतात तो बास्केटबॉल १८९१ साली आणि व्हॉलीबॉल १८९५ साली जन्मला तो अमेरिकेतल्या ह्याच संघटनेच्या आखाड्यात. इथवर सगळे छान. पुढे १९९० मध्ये प्रॉमिस कीपर्स नावाची चळवळ निघाली. फुटबॉलची मैदाने पुरुषांनी भरू लागली, १९९७ मध्ये तर वॉशिंग्टनला लाखोंचा मेळावा झाला. त्यात बायकोमुलांशी इमानाने वागण्याच्या शपथा होत्या, तशी घरातले पुढारपण पुरुषानेच करावे अशीही शिकवण होती. टीका झाली ती ह्या दुसऱ्या गोष्टीवर, आणि ती अवाजवी होती असे मला वाटत नाही. म्हाताऱ्यांना मी तसे सांगितले. त्यांनी वाद घातला नाही. म्हणाले, "मी पंचेचाळीस वर्षे संसार केला. पुढारपण कुणाचे होते ते माझी बायको असती तर तिने सांगितले असते." ती तीन वर्षांपूर्वी गेली होती.

मग त्यांनीच सांगितले की तिच्या दिवसानंतर फोन यायचे थांबले तेव्हा त्यांच्या लक्षात आले, मित्र सगळे तिचे होते. हे त्यांच्या एकट्याचे नाही. २०२१ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका पाहणीत शंभरातल्या पंधरा पुरुषांनी, आपल्याला एकही जिवलग मित्र नाही, असे सांगितले. १९९० साली असे सांगणारे शंभरात तीन होते. २०२३ मध्ये तिथले सर्जन जनरल विवेक मूर्ती, मुळात कर्नाटकातल्या घराण्यातले, ह्यांनी एकाकीपणा हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे असे पत्रकच काढले. आपल्याकडे अशी मोजदाद कुणी केली तर काय निघेल? मी मनातल्या मनात माझे जिवलग मोजू लागलो आणि एका हाताची बोटे संपायच्या आत थांबलो.

संध्याकाळी पाचलाच काळोख झाला. बिडाच्या जड भांड्यात वर-खाली निखारे ठेवून भाकरीसारखा पाव भाजला जात होता. आमच्या घरी आई असाच वर-खाली विस्तव घालून रव्याचा केक करायची. घेवडा शिजला. मी शाकाहारी म्हणून माझे भांडे निराळे ठेवले होते, कुणी न सांगता. सूनबाईच्या चकल्या पाच मिनिटांत फस्त झाल्या आणि ह्याला पीठ कुठले लागते ह्याची नळवाल्यांनी कसून चौकशी केली. गिटारवर दोन-तीन गाणी झाली. मग एका शिक्षकाने एलिया संदेष्ट्याची कथा थोडक्यात वाचली. राणीच्या भीतीने तो वाळवंटात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि म्हणाला, देवा, आता पुरे, मला मरण दे. ह्यावर देवाने काय केले? उपदेश केला नाही. त्याला झोपू दिले, दूताकरवी भाकरी आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले. पुढे डोंगरावर वादळ झाले, धरणीकंप झाला, आग झाली, देव त्यांपैकी कशातच नव्हता; सगळे शमल्यावर जो अगदी हलका आवाज आला, त्यात होता. शिक्षकांनी पुस्तक मिटले. भाष्य नाही. मी वर्गात एवढ्या मजकुरावर तीन तास घेतले असते.

नंतरची रीत अशी. ज्याला बोलायचे असेल त्याने उठून शेकोटीत एक लाकूड घालायचे आणि बसून बोलायचे. बाकीच्यांनी जाळाकडे बघायचे, त्याच्या तोंडाकडे नाही. सल्ला द्यायचा नाही. इथले घरी न्यायचे नाही. ख्रिस्ती लोक ह्याला 'फेलोशिप' म्हणतात. आपले मराठी ख्रिस्ती बंधू त्यासाठी 'सहभागिता' हा शब्द वापरतात. शब्द कोशातला वाटतो खरा, पण भाग घेणे आणि भाग देणे दोन्ही त्यात आहे.

कोण काय बोलले ते मी लिहिणार नाही. तसा शब्द दिला आहे. एवढेच सांगतो की दिवसभर मुका असलेला तो तरुण तिसरे लाकूड घालून बोलू लागला आणि ते लाकूड पूर्ण जळून जाईपर्यंत बोलत राहिला. मोठमोठे बाप्ये हुंदके देत होते आणि एकमेकांकडे बघत नव्हते. चंद्र अर्धाच होता, तो रात्री उशिरा मावळला, आणि मग जे आभाळ उघडले तसे मी पोरपणी खळ्यावर झोपायचो तेव्हा पाहिले होते. मृग वर आला होता, त्यामागे व्याध. डोक्यावर कृत्तिका. म्हातारे कुजबुजले की ईयोबाच्या ग्रंथात ह्याच दोन नक्षत्रांची नावे आहेत, कृत्तिका आणि मृग. मी आमची नावे सांगितली. मग ते म्हणाले, "प्रोफेसर, लाकडं अजून आहेत."

"माझं इंग्रजी एवढं चांगलं नाही," मी म्हणालो.

"मग तुमच्या भाषेत बोला. समजायलाच पाहिजे असं काही नाही."

मी का उठलो ते मला अजून सांगता येत नाही. लाकूड घातले आणि मराठीत बोललो. वडील गेल्यावर २०१२ साली वाटणी झाली. नऊ एकर रान आणि एक विहीर. रान दादाच कसत होता. मला नोकरी होती, मला पाण्याची गरजच नव्हती. पण चार शहाण्यांनी कान भरले आणि मी विहिरीच्या निम्म्या पाण्याचा हक्क कागदावर मागितला. दादा म्हणाला, "विहीर कापून देऊ का तुला?" त्यानंतर आम्ही बोललो नाही. लग्नकार्यात एका पंगतीला बसलो, बोललो नाही. पण मला सांगायचे होते ते हे नव्हे. २०१८ साली पाऊस गेला, विहीर आटली, आणि पुढल्या उन्हाळ्यात दादा गुरे घेऊन छावणीत राहिल्याचे ताईने मला फोनवर सांगितले. ते ऐकताना क्षणभर, एक क्षणभरच, मला बरे वाटले. दुसऱ्या तासाला मी वर्गात जाऊन तुकाराम शिकवला. हे मी आजवर कुणालाही सांगितले नव्हते, बायकोलाही नाही.

पंधरा माणसे न समजणारी भाषा डोके खाली घालून ऐकत होती. समजणारा एकच होता, माझा भाचा, आणि तो माझ्या शेजारी बसून जाळाकडे बघत होता. मी थांबलो. कुणी आमेन म्हणाले नाही, पाठीवर हात मारला नाही. नळवाल्यांनी काय केले, तर उठून माझ्या कपात गरम कॉफी ओतली.

रविवारी सकाळी त्यांचा प्रभुभोजनाचा विधी झाला. रात्रीच्याच पावाचा तुकडा आणि द्राक्षाचा रस. मी आणि भाचा जरा दूर एका धोंड्यावर बसून राहिलो. कुणी बोलावले नाही, कुणी टाळलेही नाही. ताईला हे मी मुद्दाम कळवले. मग पिंपातली गार राख पत्र्याच्या डब्यात भरली, आदल्या दिवशीच्या बुटांच्या खुणा झुडपाच्या... नव्हे, झुडूप तोडायची बंदी. घरून आणलेल्या झाडूने झाडल्या. तंबू गुंडाळताना भाचा माझ्याकडे न बघता म्हणाला, "मामा, मोठ्या मामांचा नवा नंबर आहे माझ्याकडे."

"असू दे," मी म्हणालो.

फोन मी केला नाही. फोनवर काय बोलणार? संक्रांतीला दोन दिवस जोडून रजा काढली आणि एस.टी.ने गावी गेलो. घरी वहिनी होत्या. माझ्याकडे पाहून त्या क्षणभर दारातच थांबल्या, मग आत वळून पाण्याचा तांब्या आणला आणि म्हणाल्या, "मळ्यात आहेत."

दादा विहिरीवर होता. त्या वर्षी पाऊस बरा झाला होता, पाणी निम्म्याच्या वर होते. त्याने मान वर करून पाहिले. केस सगळे पांढरे झालेले. मी तिळगुळाची पुडी खिशात चाचपत होतो, ती काही बाहेर निघेना.

"मोटार धरत नाही सकाळपासून," दादा म्हणाला. "ही बॅटरी धर जरा. इकडं. स्टार्टरवर."

मी बॅटरी धरली. तो उकिडवा बसला, मीही बसलो. तासभर आम्ही दोघे त्या उघड्या पेटीतल्या तारांकडे बघत होतो. मोटार काही चालू झाली नाही.